आढीच्या खोलीतला लॅपटॉप

जहाजावर नोकरी करणारा माणूस घरी आला की आमच्या रत्नागिरीत त्याला दोन प्रश्न विचारायची रीत आहे. पहिला, कधी आलास? आणि दुसरा, परत कधी? बरा आहेस ना, जेवलास का, हे सगळं त्यानंतर. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. माझे सासरेही बोटीवर होते. त्यांनाही लोक हेच विचारायचे आणि ते 'बघू, कंपनी बोलावेल तेव्हा' म्हणत छत्री टेकत पुढे जायचे. पण गेल्या वर्षी माझा नवरा घरी आला तो उजव्या हाताला बँडेज गुंडाळून, आणि तेव्हापासून हा दुसरा प्रश्न ऐकला की माझ्या कपाळावर आठी यायला लागली.

तो इंजिन रूममध्ये फिटर होता. एका पंपाचं झाकण उचलताना साखळी निसटली आणि दोन बोटं खाली सापडली, तर्जनी आणि मधलं. दोनदा ऑपरेशन झालं. बोटं वाचली, पण ती आता सांगितलेलं काम विचार करून करतात. पेला धरतात, दार उघडतात, पण शर्टाचं बटण लावायला बसली की मला बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा, बघू. हे डॉक्टरांचं 'बघू' मला आजवर कळलेलं नाही. त्यात बरं होईल हे असतं, की होणार नाही हे असतं?

व्यायामासाठी एक मऊ पिवळा चेंडू दिला होता. तो दिवसातून कितीतरी वेळा दाबायचा. नवऱ्याने तो चार दिवस दाबला, मग खिडकीत ठेवून दिला, आणि शेवटी शेजारच्यांच्या कुत्र्याने तो पळवला. मी कुत्र्याला ओरडले. नवरा म्हणाला, 'असू दे, त्याला जास्त उपयोग आहे.' हसत म्हणाला, पण त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही.

फणस मोठे व्हायला लागले, झाडावरचा आंबा उतरवायला सुरुवात झाली, तेव्हा कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. पावसाळ्याच्या तोंडावर एक जहाज निघणार आहे, हात बरा असेल तर कळवा, मेडिकल करून घेऊ. नवरा 'कळवतो' म्हणाला. फोन ठेवला आणि त्याने कपाटातून लॅपटॉप काढला.

हा लॅपटॉप त्याच्याबरोबर बरीच बंदरं फिरलेला. कोपऱ्याला पोचा आलेला, एक बटण निघालेलं. त्यात त्याने एक गाड्यांच्या शर्यतीची जुनी गेम घातली. त्याच्या पहिल्या जहाजावर मेसमध्ये टीव्हीला जोडायचं एक खेळाचं मशीन होतं, त्यावर ही पोरं ड्यूटी संपली की ती गेम खेळायची. ते मशीन आता कुठे मिळायचं? म्हणून लॅपटॉपवर एम्युलेटर नावाचा प्रोग्राम टाकायचा आणि त्यात ती गेम चालवायची. मी विचारलं, हे एम्युलेटर म्हणजे काय? तर म्हणाला, 'लॅपटॉपने त्या जुन्या मशीनचं सोंग घ्यायचं. गेमला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत.' हे मला लगेच पटलं. आमच्याकडे नमनाच्या खेळात संकासुराचं सोंग घेणाऱ्याला त्या काळ्या कपड्यांत किती घाम येतो ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. सोंग घेतल्यावर लॅपटॉप तापणारच, त्यात नवल काय.

त्या गेममध्ये एक घाट होता. डाव्या बाजूला डोंगर, उजवीकडे दरी, आणि वळणावर वळण. त्या घाटातली सगळ्यात कमी वेळ म्हणे कितीतरी महिने माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. गेम त्याने त्या मशीनवरून उतरवून जपून ठेवलेली असल्यामुळे तो जुना विक्रमही त्यात तसाच होता. त्याने सासूबाईंसमोर मला सांगितलं, 'हा घाट त्या वेळेच्या आत पार केला, की हात बरा झाला. त्या दिवशी कंपनीला येतो म्हणून कळवणार.' गाडी वळवायची बटणं उजव्या हाताखाली येतात, म्हणून तो असं म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, 'बरं बाबा, देव यश देवो.' मीही मान हलवली. मला नक्की काय वाटलं ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

सुरुवातीला तो बाहेरच्या खोलीत टेबलावर बसायचा. पण आंब्याच्या दिवसांत आमच्या घरी माणसांची ये-जा फार. पेटी न्यायला येणारा, रिकामे क्रेट द्यायला येणारा, नुसताच बसायला येणारा. प्रत्येकजण आत पाऊल टाकतो आणि विचारतो, 'काय, परत कधी?' एकाने तर त्याच्या बोटांकडे बघत विचारलं आणि वर म्हणाला, 'खेळ चाललाय वाटतं, छान छान!' दुसऱ्या दिवशी नवरा लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत गेला.

मागची खोली म्हणजे आढीची खोली. जमिनीवर पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, त्यावर परत पेंढा, आणि सगळ्यावर गोणपाट. एक खेप पिकून पेटीत गेली की त्याच जागी दुसरी. ही आढी म्हणजे सासूबाईंचं राज्य. तिथे पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, दार उगीच उघडं टाकायचं नाही. 'वारा लागला की आंबा सुकतो गो, सुरकुत्या पडतात, मग तो गोड कसला नि काय,' हे मी लग्न झाल्यापासून दर वर्षी ऐकत आले आहे. मला वाटलं होतं त्या लेकाला तिथून हाकलतील. पण त्या म्हणाल्या, 'बसू दे. तो असला म्हणजे उंदीर फिरकत नाय.' आपला मुलगा उंदीर हाकलण्याच्या कामी आला याचं त्यांना समाधान वाटलं असावं.

तर तो तिथे पेंढ्यावरच मांडी घालून बसायचा, लॅपटॉप समोर गोणपाटावर. आणि तिथे गेल्यापासून लॅपटॉपने रंग दाखवायला सुरुवात केली. पंखा एवढा घोंघावायचा की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. हात लावला तर चटका बसायचा. आवाज फाटायचा, इंजिनचा घर्रघर्र आवाज मध्येच तुटायचा आणि गाणं ढेकर दिल्यासारखं थांबून थांबून यायचं. नवऱ्याने आवाजच बंद करून टाकला. मी म्हटलं, 'अहो, लॅपटॉप बिघडतोय.' तो मान वर न करता म्हणाला, 'चालतंय की.'

या उत्तराने माझं डोकं फिरलं. नळातून थेंब गळला तरी झोप न येणारा हा माणूस. बिजागरी कुरकुरली तर जेवण अर्धं टाकून तेलाची बाटली शोधणारा. आणि समोर यंत्र गुदमरतंय तर 'चालतंय की'? मला वाटलं, याचं मनच उडालं आहे सगळ्यावरून. हात गेला तसं लक्षही गेलं. म्हणून मीच पदर खोचून लॅपटॉपच्या मागे लागले.

आता मला लॅपटॉपमधलं काय कळतं? आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापायची आणि वीजबिल भरायचं, यापुढे मी गेलेली नाही. म्हणून चार जणांना विचारलं आणि चौघांनी पाच कारणं सांगितली. चिपळूणची बहीण म्हणाली, व्हायरस असेल, जुन्या गेममधून येतो. तिच्या सांगण्यावरून मी व्हायरस काढायचं काहीतरी लॅपटॉपमध्ये घेतलं, तर लॅपटॉप आणखीनच मंद झाला, आगीतून फुफाट्यात. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, जागा भरली असेल, फोटो पुसा. मी एक दुपारभर बसून फोटो पुसले. बंदरांचे, डेकचे, मला ओळखू न येणाऱ्या माणसांचे. पुसता पुसता एका फोटोत नवरा कुणाच्या तरी वाढदिवसाला केक कापताना दिसला, चेहरा केकने माखलेला, आणि एवढा मोकळा हसत होता की मी बराच वेळ बघत बसले. आमच्या घरी असं हसताना मी त्याला कधी पाहिलं होतं ते आठवेना. तो फोटो मी पुसला नाही. लॅपटॉपमध्ये फरक पडलाच नाही.

काकांचा दुसरा सल्ला, लॅपटॉप थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हा. तेवढं मात्र मी केलं नाही. स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर लॅपटॉप ठेवला, तर ताटच तापलं. आणि एकदा दुपारी बघते तर लॅपटॉप बंद आहे आणि सासूबाईंनी त्याला आपल्या जुन्या पातळात घट्ट गुंडाळून ठेवलंय, न्हाऊ घातलेल्या बाळासारखं. 'खारा वारा येतो ना समुद्रावरनं,' त्या म्हणाल्या, 'तुझ्या सासऱ्यांचा रेडिओ असाच गेला.' आमच्या घरात टीव्हीला झालर आहे, मिक्सरला टोपी आहे, आणि शिवणयंत्राला तर दोन अंगरखे आहेत. त्यात लॅपटॉपला पातळ मिळालं, एवढंच. मी पातळ सोडलं तेव्हा आतून गरम वाफ आली.

या सगळ्यात नवऱ्याची गाडी मात्र घाटात दिवसेंदिवस पुढे जात होती. ही गोष्ट मला कळत नव्हती. लॅपटॉप बिघडत चाललाय आणि हा सुधारत चाललाय. एकदा तो आंबे उतरवायला कलमांवर गेलेला असताना, लॅपटॉप अजून गरमच होता, तेव्हा मी आढीच्या खोलीत बसून ती गेम खेळून बघितली. मी आयुष्यात स्कूटरही धड चालवलेली नाही. पण माझी गाडी वळण घेत गेली. दरी दिसली की बटण दाबायला पुरेसा वेळ मिळायचा. अर्धा घाट मी पार केला आणि मला एवढा आनंद झाला की सासूबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'बरंच सोपं असतंय की.' मी म्हटलं, हो ना! आणि नवऱ्याला महिनाभर हे जमत नाही, म्हणून मला त्याची आणखीच कीव आली.

मग एका शनिवारी दुपारी आढीच्या खोलीतून त्याची हाक आली. आम्ही दोघी धावलो. पडद्यावर अक्षरं चमकत होती, नवी वेळ जुन्या वेळेच्या वर लागली होती. विक्रम मोडला होता. त्याचा चेहरा घामाने निथळत होता आणि केसांत पेंढा अडकलेला. सासूबाईंनी देवासमोरची साखर आणून त्याच्या हातावर ठेवली, मुद्दाम उजव्या हातावर. तो म्हणाला, 'सोमवारी ऑफिस उघडलं की फोन करतो.' मी म्हटलं, 'छान झालं.' आणि स्वयंपाकघरात जाऊन काहीच कारण नसताना कांदा चिरायला घेतला. आनंद झाला असं म्हणवत नव्हतं. वाईट वाटलं म्हणायची लाज वाटत होती. त्याची बॅग कपाटावरून काढून उन्हात घालायला हवी, हा विचार मात्र सवयीने लगेच आला.

रविवारी सकाळी तो मासे आणायला मिरकरवाड्याला गेला. मला लेबलं छापायची होती म्हणून मी लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आणला, टेबलावर ठेवला, वरचा पंखा लावला. लेबलं झाली. मनात आलं, बघू या, आपलाही पुढचा अर्धा घाट होतो का. गेम सुरू केली आणि गाडी सुटली ती पिसाळल्यासारखी. मी बटणाकडे बघेपर्यंत ती डोंगरावर आदळली. परत सुरू केली, परत आदळली. तिसऱ्यांदा दरीत. मला वाटलं चुकून दुसरीच काहीतरी गेम लागली. पण घाट तोच, गाडी तीच. मग मी काय, एका आठवड्यात विसरले? मी पाच-सहा वेळा तरी प्रयत्न केला आणि पहिलं वळणसुद्धा पार होईना.

तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली. 'अगो इकडं ये, हात घालून बघ. याही खेपेला ऊब सुटली हाय. उद्या पेट्या भरायला हरकत नाय.' आंबा पिकायला लागला की आढीतून ऊब यायला लागते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी वाकून गोणपाट उचललं आणि पेंढ्यात हात घातला. हाताला ती गरमी लागली आणि माझा हात तिथेच राहिला. ही ऊब मला ओळखीची होती. लॅपटॉपवरून पातळ सोडलं तेव्हा हीच लागली होती.

मी बाहेर गेले आणि लॅपटॉपला हात लावला. गार होता. पंखा नुसता कुजबुजत होता. मग मी तो उचलून आढीच्या खोलीत आणला, गोणपाटावर ठेवला, गेम तशीच चालू. थोड्या वेळात पंख्याने ओरडायला सुरुवात केली. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ती गाडी सावकाश झाली. घाट सावकाश झाला. कोपऱ्यातलं गेमचं घड्याळही सावकाश झालं. मी बटण दाबलं आणि वळण आरामात पार केलं.

म्हणजे महिनाभर एवढ्या गरम आंब्यांच्या शेजारी, बंद खोलीत, पेंढ्यात बसवून आम्ही लॅपटॉपची आढी घातली होती. तापला की तो धापा टाकत सगळं हळू करत होता. गेमचं घड्याळच हळू चालल्यावर विक्रम मोडणारच. आणि आमच्या घरात त्या विक्रमावर साखर वाटून झाली होती.

मी तिथेच बसून राहिले. सासूबाई विचारत होत्या, 'काय गो झालं? चक्कर आली काय?' काय सांगणार? त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी मलाच दोष दिला असता. आणि त्याला सांगायचं? वर्षभरानंतर माणूस काल पहिल्यांदा मान वर करून जेवला. न सांगावं तर हाच माणूस हा हात घेऊन इंजिन रूममध्ये उतरणार. तिथलं काही त्याच्यासाठी हळू होणार नाही. साखळी निसटली तेव्हा बोटं धड होती, तरी सापडली.

आणि त्याहून वाईट एक विचार होता. मला हे कळल्यावर क्षणभर बरं वाटलं होतं. हायसं वाटलं होतं. तेव्हा मी जे सांगणार ते त्याच्या भल्यासाठी, की माझ्या? हा माणूस घरी राहावा असं मला वाटतंय, तर मग इतकी वर्षं तो निघाला की मी स्टेशनवरून कोरड्या डोळ्यांनी कशी परत येत होते? आणि राहू नये असं वाटत असेल तर मग हायसं का वाटलं? डोकं त्या लॅपटॉपसारखंच झालं.

शेवटी मी भित्र्या माणसाचा उपाय केला. स्वतः सांगायचं नाही, लॅपटॉपलाच सांगू दे. मारुती मंदिराजवळ रविवारी सकाळी उघडं असणारं एक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे रिक्षाने गेले. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, पंख्यातून चिमट्याने भुसकटाचा एक बोळा बाहेर काढला आणि माझ्याकडे बघत राहिला. 'वहिनी, लॅपटॉप गोठ्यात ठेवता काय?' मी म्हटलं, 'नाही, आंब्यात.' तो एवढा हसला की त्याच्या हातातला स्क्रू पडला. पंखा साफ केला, आत काहीतरी मलम लावलं आणि म्हणाला, आता टेबलावर ठेवा, घोड्यासारखा पळेल. मला त्या घोड्याची धडकी भरली.

दुपारी जेवण झाल्यावर मी लॅपटॉप बाहेरच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, 'अहो, साफ करून आणलाय. चालवून बघा.' त्याने माझ्याकडे पाहिलं. खुर्ची ओढली आणि बसला. मी आवाज मुद्दाम चालू ठेवला होता. महिनाभरात पहिल्यांदा त्या गेमचं गाणं सलग वाजलं. बरंच जलद आणि आनंदी गाणं होतं ते, मला उगीचच ते ढेकर दिल्यासारखं आठवत होतं.

गाडी सुटली. पहिल्या वळणाला आदळली. त्याने परत सुरू केली. परत आदळली. डावा हात बरोबर चालत होता. उजव्या हाताची ती दोन बोटं वळण येऊन गेल्यावर बटणावर टेकत होती. एकदा त्याने बोटं बदलून बघितली, अंगठ्याने दाबून बघितलं. सासूबाई दारात बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'जरा सावकाश चालव ना रे. कोण मागं लागलंय तुझ्या?' झक मारली आणि तो लॅपटॉप साफ केला, असं झालं मला.

परत एकदा गाडी दरीत गेली तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, 'अहो, तो आधी गरम होऊन हळू चालत होता. आढीच्या उबेने. मला आज सकाळी कळलं. तुमचा हात काही...'

'मला पहिल्याच दिवशी कळलं,' तो म्हणाला.

तो पडद्याकडेच बघत होता.

'इंजिन तापलं की आधी लोड सोडतं, हळू पडतं. वीस वर्षं मी दुसरं केलंय काय? आवाज मी का बंद केला असं वाटलं तुला?'

मग मात्र माझा तोल गेला. सासूबाई तिथे आहेत हेही मी विसरले. 'मग मी महिनाभर व्हायरस शोधत बसले ते? फोटो पुसले ते? आणि काल साखर खाल्लीत ती कशाची? आईंनी देवापुढची साखर दिली तुम्हाला! लाज नाही वाटली?'

'वाटली,' तो म्हणाला. 'पण म्हटलं, जाऊन बघू. मेडिकलमध्ये हात दाखवला, मूठ वळवून दाखवली, झालो पास तर झालो.'

'आणि इंजिन रूममध्ये?'

सासूबाईंचा कोलंबी सोलणारा हात थांबला होता.

मग तो म्हणाला, 'घरी बसून काय सांगायचं सगळ्यांना? जो येतो तो विचारतो. आणि तूही. तू तर कॅलेंडर बघत असतेस. मला वाटलं, तुलाही मी गेलेलाच बरा. तू कधी राहा म्हणाली नाहीस.'

'तुम्ही कधी विचारलं नाहीत!'

'आता विचारतो. राहू?'

इतक्या वर्षांत या माणसाने मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. मी जे खरं होतं ते बोलले. म्हटलं, 'मला माहीत नाही. तुम्ही आलात की मी दुसऱ्या दिवसापासून तुमच्या जाण्याचं धरूनच चालते. भाजी किती आणायची तेही तसंच ठरवते. तुम्ही कायमचे घरी असलात तर कसे असता, ते मला ठाऊकच नाही.'

'मलाही नाही,' तो म्हणाला.

सासूबाई उठल्या, कोलंबीचं भांडं उचललं आणि आत गेल्या. जाताना म्हणाल्या, 'तुझे बापूस रिटायर होऊन आले तेव्हा मी पण अशीच भ्यायले होते.' आणि चूल पेटवायला लागल्या, गॅस असताना.

मला वाटलं, विषय तिथेच राहिला. सोमवारी सकाळी मी मागल्या दारी पेट्यांना खिळे मारत होते आणि तो फणसाखाली उभा राहून फोन लावत होता. मी हातोडी खाली ठेवली. ऐकायचं नाही असं ठरवून सगळं ऐकलं. त्याने आधी नमस्कार-चमत्कार केले, मुंबईत गरम किती आहे ते विचारलं, जहाजावरच्या कुणाची तरी खुशाली विचारली. मला वाटलं हा जातोय.

'नाही साहेब, हात बरा झालेला नाही,' तो म्हणाला. 'तो होणार नाही. इंजिन रूमचं काम मला आता जमायचं नाही.'

वर्षभरात हे वाक्य त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, आईला नाही, मला नाही. सगळ्यांना 'होतोय, होतोय' एवढंच सांगत आला होता. आणि हे त्याने मुंबईच्या एका परक्या माणसाला, उभ्या उभ्या, साध्या आवाजात सांगितलं. पलीकडचा माणूस काहीतरी बोलत राहिला, हा 'हो, हो' म्हणत राहिला, आणि फोन ठेवल्यावरही तिथून हलला नाही. डाव्या हाताने उजव्या हाताची ती दोन बोटं धरून उभा होता.

मी उठून त्याच्याजवळ गेले. मला रडू येत होतं, आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते.

'राहा,' मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. 'राहिलोच की आता. ऐकलंस ना?'

'ऐकलं,' मी म्हटलं. 'तरी म्हणते. राहा.'